खंडेरावांचा हिरा, सीतादेवींचं जवाहीर आणि आजीची लाल वही

आपल्या बडोद्यात जुन्या मराठी घरांत हिऱ्यांचा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या तीन ठिकाणी जातात. आधी खंडेराव महाराजांचा हिरा, मग मल्हाररावांचा खटला, आणि मग आवाज जरा खाली आणून सीतादेवी. दांडिया बाजारात वाढलेल्या माझ्यासारखीनं हे सगळं दिवाळीच्या चकल्यांबरोबर ऐकलंय. तेव्हा ऐकायला मजा यायची, एवढंच. पण गेल्या वर्षापासून आमच्या घरातले डाग नीट लावायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या तिन्ही गोष्टी पुन्हा आठवायला लागल्या. हिरा जपला जातो कसा आणि जातो कसा, हे त्यांत फार स्पष्ट दिसतं.

खंडेरावांचा हिरा म्हणजे ‘स्टार ऑफ द साउथ’. तो गोवळकोंड्याचा असं अजूनही काही जण छातीठोकपणे सांगतात, पण तो ब्राझीलचा. १८५३ साली तिथे एका गुलाम स्त्रीला सापडला. कच्चा दगड २६१.८८ कॅरटचा. अॅम्स्टरडॅमला पैलू पाडले तेव्हा उरला १२८.४८ कॅरट, म्हणजे निम्म्याहून जास्त दगड कामातच गेला. १८६०च्या दशकात खंडेरावांनी तो घेतला. किंमत ८० हजार पौंड, असं त्या काळातल्या इंग्रजी रत्नग्रंथात नोंदलेलं आहे. ‘इंग्लिश ड्रेस्डेन’ नावाचा साडेअठ्ठ्याहत्तर कॅरटचा दुसरा मोठा हिराही बडोद्याला आला, आणि हे दोन्ही तीन पदरी हिऱ्यांच्या हारात खाली लोलकासारखे बसवले गेले. हारासह काढलेले राजघराण्यातले फोटो तुम्ही पाहिले असतील.

पुढे त्या हाराची वाताहत झाली. पण मोठा हिरा कित्येक वर्षांनी पुन्हा बाजारात आला आणि रत्नपरीक्षकांनी तो तपासला, तेव्हा तो तोच, हे सांगता आलं. कशावरून? वजन, आकार आणि किंचित गुलाबी-तपकिरी झाक हे सगळं आधीपासून लिहिलेलं होतं म्हणून. जुनी पुस्तकं वाचताना एक मात्र लक्षात ठेवायला लागतं. जुना कॅरट आजच्या २०० मिलिग्रॅमच्या मेट्रिक कॅरटपेक्षा थोडा जड असायचा, त्यामुळे एकाच दगडाचे दोन आकडे सापडतात. आपल्या घरातल्या जुन्या कागदांवर ‘रती’ लिहिलेलं असेल तर तिथेही हाच घोळ होतो.

आता मल्हारराव. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडली, असा आरोप झाला. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज, तीन हिंदी. हिंदी सदस्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. इंग्रजांनी महाराजांना दोषी धरलं, हिंदी सदस्यांनी आरोप सिद्ध मानला नाही. तरी एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना गादीवरून काढलंच. महिन्याभरानं, मे महिन्यात, जमनाबाईंनी कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला आणि आपल्याला सयाजीराव मिळाले.

आमच्या आजीची ठाम समजूत होती की हिरकणी पोटात गेली की आतडी कापून माणूस मरतो. खरं तर हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, पोटातल्या आम्लाला तो दाद देत नाही. जीव घेणारी वस्तू होती सोमल. हिऱ्याची पूड हा आपल्याकडच्या समजुतीचा भाग. पण मला त्या खटल्यात विषापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. दरबारच्या जव्हेऱ्याच्या वह्या साक्षीत आल्या आणि हिरे विकले की नुसते दाखवून परत नेले, यावर केवढा तरी खल झाला. एका राज्याचं भवितव्य हिऱ्यांच्या आवक-जावकीच्या पानांपर्यंत येऊन ठेपलं होतं!

सीतादेवींबद्दल थोडक्यात लिहिते, कारण इथे प्रत्येकाची वेगळी आवृत्ती आहे. १९४३ साली प्रतापसिंहरावांशी त्यांचं लग्न झालं आणि त्यानंतरच्या वर्षांत खजिन्यातलं पुष्कळ जवाहीर युरोपात गेलं. काही परत आलं, बरंच आलं नाही. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९५१ मध्ये सरकारनं प्रतापसिंहरावांचं पद काढून घेतलं. बडोद्याचे हिरे आणि पाचू पॅरिसच्या सराफांनी नव्या घडणीत बसवले. खंडेरावांनी करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा २००९ साली दोह्याला लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला गेला. त्या गालिच्यावर हिरेही आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. या सगळ्या जवाहिरावर चोरानं कधी हात मारला नव्हता, की कुठला हिरा फुटला नव्हता. दार आतून उघडलं होतं.

माझे पणजोबा खानगी खात्यात कारकून होते. त्यांनी खजिना पाहिला किती आणि कागद पाहिले किती, हे देवाला ठाऊक. पण डाग बाहेर जाताना तोलायचा, परत आला की पुन्हा तोलायचा, खडे मोजायचे आणि दोन्ही वेळा सही घ्यायची, ही सवय ते घरी घेऊन आले. आजीनं ती उचलली. तिची लाल कापडी बांधणीची वही आजही माझ्याकडे आहे. त्यात हिऱ्याच्या कुड्यांची नोंद अशी: ‘जोड १, खडे ७ नि ७, डाव्या कुडीत खालचा खडा किंचित पिवळट, उजवीची फिरकी नवी घातली.’ पुढे वजन, आणि कोणाच्या लग्नात कोणाकडून आल्या ते. बास. पण एवढ्यावरून कोणीही सांगेल की समोरच्या कुड्या त्याच आहेत की नाहीत.

वहीत नसलेल्या डागाचं काय होतं, तेही आमच्या घरानं पाहिलंय. धाकट्या काकूंचा माहेरचा तन्मणी, खोडात चपटे पोलकी हिरे. सत्तरच्या दशकात मोती नव्यानं गाठवायला आणि खोड उजळायला दिला. परत आला तो झगमगीत. काकू म्हणाल्या, माझे हिरे असे पांढरेफटक नव्हते, हे दुसरेच आहेत. सराफ म्हणाला, मळ गेला म्हणून तसं दिसतंय. दोघांपैकी खरं कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. खड्यांची संख्या कुठे नव्हती, वजन नव्हतं, फोटोत तन्मणी पदराखाली. काकूंनी तो पुन्हा गळ्यात घातला नाही. डाग नेऊन देणारे माझे वडील, त्यामुळे दोन भावांत पुढची अकरा वर्षं फक्त श्राद्धापुरतं बोलणं होतं.

सराफाच्या बोलण्यात तथ्य असू शकतं, हे मला नंतर सुरतेच्या एका हिरे-कारागिरानं समजावलं. हिऱ्याला तेलाचं विलक्षण आकर्षण असतं. पाणी त्याच्यावर ठरत नाही, पण तेल, साय, क्रीम चटकन चिकटतं. आफ्रिकेतल्या खाणींत याचाच उपयोग करून चरबी लावलेल्या टेबलावर हिरे वेगळे काढत. मग आपल्या कुड्या, केसांतल्या खोबरेल तेलाशेजारी चोवीस तास राहणाऱ्या, मंद का होतात ते कळतं. आजी दसऱ्याच्या आधी कोमट पाण्यात रिठा भिजवून त्यात कुड्या ठेवायची आणि मऊ ब्रशनं मागच्या बाजूनं घासायची. मागूनच, कारण मळ तिथे साचतो आणि उजेड अडतो. हे सगळं परातीत, मोरीत कधीच नाही.

पण हीच आजी काकूंच्या तन्मणीला पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही. आम्हाला तो सासुरवास वाटायचा. कारण असं की पोलकीची जुनी घडण मागून बंद असते. कोंदणाच्या आत लाख, आणि खड्याखाली चकाकीसाठी डाक, म्हणजे चांदीचा पातळ वर्ख. आत पाणी शिरलं की डाक काळी पडते, गरम पाण्यानं लाख मऊ होते आणि खडा हलतो. अशा डागाला कोरडं मऊ कापड, एवढंच. आजकाल दुकानात मशीनमध्ये टाकून थरथरवून धुऊन देतात, तिथे तर जुनं बंद काम देऊच नये.

हिरा सर्वांत कठीण, म्हणून त्याला काही होत नाही, हाही अर्धवट समज. त्याच्यावर ओरखडा हिऱ्यानंच पडतो, पण काही ठरावीक दिशांनी फटका बसला तर तो सरळ चिरतो. म्हणून दोन डाग एका डबीत नकोत, आणि मोत्यांशेजारी तर नकोतच, मोती बिचारे लगेच खरवडतात. आणि हरवलेल्या हिऱ्यांची घरोघरची कहाणी विचाराल तर दोष बहुतेक वेळा सोन्याचा निघतो. खडा धरणारी नखं झिजतात, फिरकीचे आटे गुळगुळीत होतात. आजी कुडी कानाशी धरून बोटानं टिचकी मारायची. खुळखुळ ऐकू आली की डाग घालायचा नाही.

लॉकरबद्दलही सांगते, कारण आपल्याकडे ‘बँकेत आहे’ म्हटलं की लोक निर्धास्त होतात. आत काय आहे याची बँकेकडे यादी नसते. १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख, मग आत काहीही असो. आणि पूर हा नैसर्गिक आपत्तीत मोडतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी कुठवर आलं ते आपण पाहिलं. हिऱ्याला त्या पाण्यानं काही झालं नसतं, पण लाख आणि डाक गेली असती. आमचा तन्मणी आता हवाबंद डबीत, वरच्या मजल्यावरच्या लॉकरात आहे.

आत्या चौऱ्याऐंशीची झाली. कुठली पाटली कोणाच्या माहेरची, कुठली चमकी मोडून कशात घातली, हे तिच्याशिवाय आता कोणाला ठाऊक नाही, आणि तिलाही मधूनच आठवेनासं होतं. माझी लेक टोरांटोला, भाचरं पुण्यात. म्हणून दर रविवारी दुपारी तिच्याकडे बसते. एका वेळी एकच डाग. आधी दोन्ही बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. मग खडे मोजायचे, स्वयंपाकघरातल्या नव्हे तर सराफी काट्यावर वजन, आणि मग ती सांगेल ते तिच्याच शब्दांत. आजीच्या लाल वहीत अठरा पानं कोरी होती, ती वापरतोय. आतापर्यंत नऊ भरली. तन्मणीच्या पानावर आत्यानं सांगितल्याप्रमाणे लिहिलंय: ‘हिरे २१. मूळचेच की बदललेले, यावर वाद आहे.’ लॉकरला वारस म्हणून कोणाचं नाव लावायचं ते तिनं ठरवलंय, सोमवारी सहीसाठी बँकेत जायचंय.