वंगण नव्हे, रोगण

आमच्या खानदेशातल्या चोपड्यात ‘डेक’ कुणी म्हणत नाही. घरामागे केळीच्या बागेकडे तोंड करून आम्ही सागाच्या फळ्यांची उघडी बैठक केली, तिला घरात सगळे ओटाच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी तिच्यावर चकचकीत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारून घेतलं. पहिला उन्हाळा काचेसारखी दिसली. पावसाळा सरला आणि कडांनी पापुद्रे सुटू लागले. फटींतून आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. फळ्या खालून काळ्या पडल्या. म्हाताऱ्या सुतारबाबांना बोलावलं. त्यांनी नखानं एक पापुद्रा सोलला, बोटांत चुरडला आणि म्हणाले, “लाकूडले तेल पिऊ दे, भाऊ. रोगण दे.”

रोगण हा शब्द लहानपणापासून कानावर होता, पण त्याचं कूळ कधी विचारलं नव्हतं. ते फारसी. ‘रौगन’ म्हणजे नुसतं तेल किंवा तूप. युनानी औषधांच्या दुकानात मिळणारं रोगन बादाम म्हणजे बदामाचं तेल, बाकी काही नाही. खानदेशात 1382 पासून फारुकींचं राज्य होतं, 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला. फारसी इथे शतकानुशतकं दरबारात नांदली. मराठीनं मात्र शब्द घेताना त्याला कामाला लावलं. खायचं आणि दिव्यात घालायचं ते तेलच राहिलं. लाकडावर बसून सुकतं ते रोगण झालं. कच्छमधल्या निरोणा गावात हाच शब्द कापडावर गेला. तिथे एरंडेल तासन् तास उकळून डिंकासारखं घट्ट करतात, रंग कालवतात आणि सळईच्या टोकानं त्याची तार ओढत कापडावर नक्षी काढतात.

आता आपल्या बैलगाडीकडे पाहा. तिच्या आसाला एरंडेलाचं वंगण लागतं आणि साटीला रोगण. दोन्ही तेलंच, पण वंगण सुकलं तर गाडी कुरकुरते आणि रोगण सुकलं नाही तर बसणाऱ्याचं धोतर चिकटतं. सगळी मेख या सुकण्यात आहे. हे सुकणं पाण्यासारखं उडून जाणं नव्हे. जवसाच्या तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध भरपूर असतात. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात, रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचा चिवट पापुद्रा होतो. शेंगदाण्याच्या तेलात असे बंध त्या मानानं थोडे, म्हणून ते कितीही चोपडलं तरी सुकत नाही, धूळ तेवढी धरतं. (चोपडणं आणि चोपडा यांची सोयरीक जुळवायचा मोह होतो, पण नुसत्या नादावरून गावाचं गोत्र ठरवू नये.) गंमत म्हणजे तापीपलीकडे अमळनेरला 1945 मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे पुढची विप्रो, निघाली ती याच बंधांवर. तिथे बंधांना हायड्रोजन देऊन तेलाचं वनस्पती तूप करत. लाकडावर तेच बंध ऑक्सिजन घेतात. एक घट्ट होऊन डब्यात गेलं, दुसरं घट्ट होऊन दारावर.

जवस खानदेशाला नवं नाही. रब्बीत पेरायचं, निळ्या फुलांचं, चटणीचं. त्याचं कच्चं तेल सुकायला दिवसच्या दिवस घेतं. म्हणून पूर्वी ते मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, घालून कढवत. शिसं विषारी, आज त्याजागी कोबाल्ट-मँगनीजचे क्षार घालतात आणि डब्यावर ‘डबल बॉइल्ड’ लिहितात. रंगाऱ्यांच्या तोंडी ते बेलतेल. बेलाच्या झाडाशी त्याचा संबंध नाही. ‘बॉइल’चाच बेल झाला असावा, असा माझा तर्क.

मग उघड्यावरच्या सागाला काय द्यावं? दुकानात पहिल्यांदा ‘टीक ऑइल’ पुढे येतं. ते सागातून निघत नाही. बहुधा जवसासारख्या सुकणाऱ्या तेलातच पातळ करणारं द्रावण, कधी थोडी राळ, एवढाच त्याचा संसार. लाखेचं पॉलिश घरातल्या कपाटापुरतं. पाणी पडलं की पांढरं धरतं. पीयूचं मी भोगलं. त्याचा थर लाकडाबरोबर फुगत-आकसत नाही, आणि एकदा फुटला की सगळा घासून काढावा लागतो. रोगण विटलं तर वरूनच पुन्हा हात देता येतो. माझा कौल तिथेच पडला.

पण नुसतं बेलतेलही पुरत नाही, हे सुतारबाबांनीच दाखवलं. साग वाळवीला आणि कुजण्याला दाद देत नाही, त्याच्या अंगातच त्याचा बंदोबस्त असतो. पण उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि फळी राखाडी होते. पारदर्शक तेल ते ऊन अडवत नाही, उलट पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. म्हणून त्यांनी तेलात चिमूट-चिमूट गेरू कालवला. गेरूतलं लोहाचं ऑक्साइड ऊन स्वतःच्या अंगावर घेतं. जुन्या दारांचा तो तांबूस रंग मी इतकी वर्षं हौस समजत होतो.

काम फाल्गुनात केलं. फळ्या काचपेपरनं उघड्या केल्या. पहिला हात निम्म्या टर्पेंटाइनचा, पातळ. फळ्यांच्या कापलेल्या टोकांनी तर तेल पाण्यासारखं गटागटा ओढलं. तिथे तीनदा द्यावं लागलं. पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेलं सगळं फडक्यानं पुसून काढलं. हे पुसणं मला वाया घालवणं वाटलं, म्हणून एक फळी मी तशीच ठेवली. ती आठवडाभर गुळासारखी चिकट होती आणि मांजराची पावलं तिच्यावर अजून आहेत.

संध्याकाळी मी ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर बाबा धावत आले. सुकताना हे तेल ऊब सोडतं. बोळ्यात ती कोंडली की फडकं आपोआप पेटतं. फिलाडेल्फियात 1991 मध्ये जवसाच्या तेलाच्या अशाच चिंध्यांनी एका उंच इमारतीला आग लागली आणि अग्निशामक दलाचे तीन जवान गेले. बाबांना फिलाडेल्फिया ठाऊक असायचं कारण नाही. त्यांनी फडकी एकेक करून उलगडली, कुंपणाच्या तारेवर सुटी वाळत घातली आणि मगच चहाला बसले.