फॉरवर्ड करताना गळलेल्या ओळी

आज गोष्ट ईमेलच्या माथ्यावरच्या ओळींची, म्हणजे हेडरची.

मध्यंतरी मला नोकरीच्या ऑफरचा एक मेल आला. आधी पैसे भरा, मग जॉइनिंग लेटर! शंका आली म्हणून जाणकार मित्राला फॉरवर्ड केला. तो म्हणाला, "अरे, हा तर तुझ्याकडून आलेला मेल झाला. मूळ हेडर कुठेय?" खाली चारच ओळी उरल्या होत्या: कुणाकडून, तारीख, विषय, कुणाला. आणि मूळ मेल मी कायमचा डिलीट करून मोकळा!

असं का होतं? त्यासाठी जरा मागे जाऊ. 1971 मध्ये अमेरिकेत अर्पानेटवर रे टॉमलिन्सन यांनी एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर मेल पाठवला. पण हेडर कसं लिहायचं याचा एक नियम नव्हता. सप्टेंबर 1973 मध्ये आरएफसी 561 या दस्तऐवजात चौघांनी एकसारखं हेडर सुचवलं. त्यांत टॉमलिन्सन होतेच, आणि पहिलं नाव होतं अभय भूषण यांचं. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचा हा विद्यार्थी!

1982 च्या आरएफसी 822 ने दोन महत्त्वाच्या गोष्टी पक्क्या केल्या. एक, 'रिसीव्ह्ड': मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जातो, तो आपली एक ओळ वर जोडतो. पोस्टाच्या पाकिटावर शिक्के पडत जावेत तसं. दोन, 'रिसेंट': मूळ 'फ्रॉम' तसंच ठेवायचं आणि पुढे पाठवणाऱ्याचं नाव वेगळ्या ओळीत लिहायचं.

पण लोकांना मेल दाखवायचा असायचा, शिक्के नकोसे वाटायचे. रँड संस्थेत तयार झालेल्या 'एमएच' या प्रोग्रॅममध्ये तर फॉरवर्ड करताना कोणत्या ओळी ठेवायच्या, हे वापरणारा स्वतः एका फाइलमध्ये लिहून ठरवू शकायचा. 1985 मध्ये आरएफसी 934 ने एका मेलच्या पोटात दुसरा मेल डॅशच्या रेघांमध्ये कसा बसवायचा ते सांगितलं. 1992 मध्ये माइम आलं, आणि अख्खा मेल हेडरसकट जोडून पाठवायची सोय झाली.

म्हणजे वाटा दोन: पत्राची नक्कल काढायची, की पाकिटासकट पत्र द्यायचं. आपल्या फॉरवर्ड बटणाने बहुतेक वेळा नक्कलच जाते. एरवी ते बरंच आहे, कारण शिक्क्यांमधून कधीकधी पाठवणाऱ्याचा आयपी ॲड्रेसही बाहेर पडतो.

पण फसवणुकीचा मेल आला, तर पाकीट फाडू नका. लॅपटॉपवर जीमेल उघडा, 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' निवडा, किंवा 'शो ओरिजिनल'मधून मेल डाउनलोड करा. रिसीव्ह्डच्या ओळी खालून वर वाचायच्या. अगदी खालच्या ओळी खोट्या असू शकतात, पण तुमच्या स्वतःच्या मेल सर्व्हरने मारलेला शिक्का भरवशाचा.

आणि हो, तक्रार होईपर्यंत डिलीट करू नका. माझ्यासारखं!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.