बुडीत खाते, पॅरिस शाखा

बँकेतल्या माणसाला परदेशवारीला नेऊ नये. आयफेल टॉवर पाहून लोकांना प्रेम आठवते. मला घसारा आठवला. टूरवाल्याने ‘फ्री टाइम’ म्हणून दोन तास मोकळे सोडले, तेव्हा आमची ही अत्तराच्या दुकानाकडे वळली आणि मी विरुद्ध दिशेला. पाकीट माझ्याकडे होते, हे तिच्या लक्षात यायच्या आत मी सीन नदी गाठली.

नदीच्या कठड्यावर हिरव्या पेट्या ठोकलेल्या. पेटी उघडली की दुकान, मिटली की कठडा. आत जुनी पुस्तके, जुनी मासिके. २०२४च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठी यातल्या शेकडो पेट्या हलवायचे घाटत होते. बराच गदारोळ झाला आणि त्या फेब्रुवारीत खुद्द राष्ट्राध्यक्षांनी बेत रद्द केला. रद्दीसाठी राष्ट्राध्यक्ष! माझा ऊर भरून आला, कारण मीही रद्दीतच वाढलो आहे. आमचे अण्णा गिरगावात एका चाळीच्या जिन्याखाली वाचनालय चालवीत. बाहेर दोरीवर वर्तमानपत्रे, आत कादंबऱ्या आणि दिवाळी अंक.

पण मला जायचे होते समोरच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’त. कॉलेजात हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ती चार्टर्ड अकाउंटंटांची फर्म वाटली होती. प्रत्यक्षात हिशेबाशी इतके वैर असलेली दुसरी कंपनी नसेल.

आता नोत्र-दामसमोर आहे ते दुकान मूळचे नव्हेच. मूळ दुकान सिल्व्हिया बीच या अमेरिकन पाद्र्याच्या मुलीचे. आईने पाठवलेल्या तीन हजार डॉलरांवर तिने १९१९च्या नोव्हेंबरात, एका धोब्याच्या रिकाम्या जागेत ते थाटले. पुढे ओदेऑं रस्त्यावर नेले. समोरच तिच्या मैत्रिणीचे, आद्रिएन मॉनिएचे, फ्रेंच पुस्तकांचे दुकान होते. सिल्व्हिया इंग्रजी पुस्तके विकण्यापेक्षा वर्गणीवर वाचायला जास्त देई. वर्गणीदाराला फ्रेंचमध्ये ‘आबोने’ म्हणतात, त्याचे या दुकानात ‘बनी’ झाले, म्हणजे ससा. आमच्या बँकेत खातेदारांना जी नावे आहेत, ती पाहता हे फारच सभ्य म्हणायचे.

एके दिवशी हेमिंग्वे नावाचा तरुण आला. खिशात अनामतीपुरते पैसे नाहीत. बाई म्हणाल्या, सवडीने द्या, हवी तेवढी पुस्तके न्या. ना जामीन, ना तारण! आमच्याकडे एवढ्यावर शिपायाचीसुद्धा चौकशी लागते.

पण खरी कमाल जेम्स जॉइसच्या खात्यात. त्याची ‘युलिसिस’ अमेरिकेत एका मासिकात येत होती. १९२१ साली ती अश्लील ठरली आणि प्रकाशक मिळेना. कधीच पुस्तक न छापलेल्या या दुकानदारीणबाई म्हणाल्या, मी छापते. एक हजार प्रती, स्वस्तातली प्रत दीडशे फ्रँक, वर्गणी आगाऊ. बर्नार्ड शॉला पत्र गेले. त्याने कळवले, की कुठलाही वयस्क आयरिश माणूस पुस्तकासाठी एवढे पैसे देणार नाही. छापखाना दीजाँ गावी. खिळे जुळवणाऱ्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, आणि बाईंनी जॉइसला हवी तेवढी प्रुफे द्यायची मुभा दिलेली. त्याने पुस्तकाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग प्रुफांवरच लिहिला! खर्च कोणाच्या नावे? बाईंच्या. २ फेब्रुवारी १९२२ला, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पहिल्या दोन प्रती आगगाडीच्या गार्डाबरोबर पॅरिसला आल्या. पुढे जॉइसची गल्ल्यातून उचल चालूच राहिली, आणि १९३४ साली पुस्तक अमेरिकेत राजरोस निघाले तेव्हा बाईंच्या वाट्याला छदामही आला नाही.

मंदीत दुकान बसू लागले. आंद्रे जीद वगैरे मंडळींनी दुकानाचे मित्रमंडळ काढले; वर्षाला दोनशे फ्रँक भरायचे आणि लेखकांची वाचने ऐकायची. एलियट आला, हेमिंग्वेही येऊन वाचून गेला. याला मी ससे परतफेडीला आले असे म्हणतो.

१९४१मध्ये एक जर्मन अधिकारी दुकानात आला. खिडकीतली ‘फिनेगन्स वेक’ची शेवटची प्रत त्याला हवी होती. बाई म्हणाल्या, विकायची नाही. तो जप्तीची धमकी देऊन गेला. बाईंनी दोन तासांत सगळी पुस्तके त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर चढवली आणि दर्शनी नाव रंगाने पुसून टाकले. पुढे त्या सहा महिने छावणीत होत्या. दुकान पुन्हा उघडले नाही. बाई १९६२ साली गेल्या.

आजचे दुकान जॉर्ज व्हिटमनचे. १९५१ साली त्याने ते ‘ल मिस्त्राल’ नावाने काढले आणि १९६४ साली, शेक्सपिअरच्या ४००व्या जयंतीला, बाईंचे नाव लावले. मुलीचे नावही सिल्व्हिया ठेवले. आता तीच दुकान पाहते. पुस्तकांच्या कपाटांमध्ये खाटा आहेत. भटक्या तरुणांनी थोडे काम करावे, रोज एक पुस्तक वाचावे, आपले चरित्र पानभर लिहावे आणि फुकट झोपावे. अशी तीस हजार माणसे झोपून गेली, असे दुकानच सांगते. भाडे शून्य. मी मनातल्या मनात व्याज लावून पाहिले आणि सोडून दिले.

आत एक पुस्तक घेतले. गल्ल्यावरच्या मुलीने विचारले, शिक्का मारू का? बँकवाल्याला हे विचारायचे असते का!

बाईंची कागदपत्रे आता प्रिन्स्टन विद्यापीठात आहेत. वर्गणीदारांची कार्डेसुद्धा. हेमिंग्वेने काय नेले, कधी परत केले, सगळे अभ्यासक वाचतात.

अण्णांचीही एक येण्याची वही होती. बी.कॉम.ला असताना मी तिची बेरीज मारली. एकसष्ट असामी, चार हजार तीनशे बारा रुपये. मी वसुलीला निघालो तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, “जोशांकडे जाऊ नकोस. ते अंथरुणाला खिळलेत. त्यांना चालू महिन्याचा अंक मात्र देऊन ये.” ताळेबंद पाहून मीच त्यांना वाचनालय बंद करायला लावले. वही रद्दीत घातली, तीही मीच. अण्णा जिन्यावर बसून होते. रद्दीवाला काटा मारत नाही ना, एवढे मी नीट पाहिले होते.