खडकीच्या नहरींपासून संगणकातील जलवाहिन्यांपर्यंत : जलदाबाच्या गणिताचा इतिहास

१/ छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत भिंतीच्या माथ्यावरून हौदात कोसळणारी धार अनेकांनी पाहिली असेल. हे पाणी डोंगरातून जमिनीखालून येते, भिंतीत वर चढते आणि मग खाली पडते. त्याला ना मोट लागते, ना पंप. ते वर कसे चढते, आणि त्यामागचे गणित आज संगणकावर कसे मांडले जाते, याचा हा थ्रेड.

२/ निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास खडकी वसवली. १६१६ मध्ये मोगल सैन्याने ती उद्ध्वस्त केली. अंबरने ती पुन्हा उभी केली. पुढे औरंगजेबाच्या काळात तिचे औरंगाबाद झाले. राजधानी म्हणजे फौज, बाजार आणि वाढती वस्ती. खाम नदीच्या तुटपुंज्या प्रवाहावर एवढ्या लोकांची तहान भागणे कठीण होते.

३/ अंबरने उत्तरेकडे, हर्सूलच्या बाजूच्या डोंगरउताराकडे पाहिले. तेथील भूगर्भात झिरपणारे पाणी भुयारी मार्गात गोळा करून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. हीच नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांपैकीच एक.

४/ बंद नळातील पाणी दरीत उतरून पुन्हा चढू शकते, मात्र उगमाच्या पातळीपेक्षा वर जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात ते तेवढेही चढत नाही. वाटेत नळाच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणात काही उंची खर्च होते. उगमाची उंची वजा घर्षणाचा खर्च, म्हणजे हाती उरलेला दाब. साऱ्या पाणीपुरवठा शास्त्राचा पाया या वजाबाकीत आहे.

५/ नहरींच्या वाटेवर विटा-चुन्याचे मनोरे होते. स्थानिक लोक त्यांना ‘बंब’ म्हणतात. पाणी खापरी नळातून बंबाच्या माथ्यावर चढे, मोकळ्या हवेला लागे आणि दुसऱ्या नळाने पुढे जाई. त्यामुळे अडकलेली हवा निसटे, गाळ बसे आणि नळ फुटण्याइतका दाब साचत नसे. बंबातील पाण्याची पातळी म्हणजे त्या ठिकाणी शिल्लक असलेला दाब, डोळ्यांना दिसणारा.

६/ अंबरचे शत्रूही याच विद्येच्या शोधात होते. मोगलांचा दख्खनमधील तळ असलेल्या बुऱ्हाणपुरात अब्दुर रहीम खानखानानच्या काळात, १६१५ च्या सुमारास, कुंडी भंडारा ही भुयारी जलव्यवस्था झाली. दोन्हींमागे इराणी कनातीची परंपरा दिसते. पाण्याचे बळ अंबरने रणांगणातही वापरले : १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीची दैना केली.

७/ अंबरच्या कारागिरांकडे अनुभव होता, सूत्र नव्हते. घर्षणाचे सूत्र युरोपात १९व्या शतकात आकाराला आले. त्यातून एक चकित करणारी गोष्ट कळते. नळाचा व्यास दुप्पट केला, तर उंचीच्या तेवढ्याच खर्चात पाणी दुप्पट किंवा चौपट नव्हे, सुमारे सहापट वाहते. संभाजीनगरच्या जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जलवाहिन्यांत हाच फरक आहे.

८/ एका नळाचे गणित सोपे. नद्या आणि धरणांचे अवघड. त्यासाठी प्रतिकृती बांधल्या जात. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये सुरू केलेल्या संशोधन कार्यातून खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले. तेथे नद्या, बंदरे आणि सांडवे लहान आकारात बांधून, त्यांतून खरे पाणी सोडून निरीक्षणे घेतली जातात.

९/ शहरातील नळांचे जाळे हा वेगळाच पेच. पाणी एका घरी अनेक वाटांनी पोहोचते. कोणत्या वाटेने किती? १९३६ मध्ये अमेरिकी प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी रीत दिली : आधी अंदाज धरा, प्रत्येक वेटोळ्यातील चूक मोजा, प्रवाह दुरुस्त करा, पुन्हा मोजा. कागद-पेन्सिलीने यात दिवसच्या दिवस जात.

१०/ हे कष्ट संगणकाने उचलले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पावसाचे पाणी आणि गटारांसाठी १९७१ मध्ये ‘एसडब्ल्यूएमएम’, तर नळांच्या जाळ्यासाठी १९९३ मध्ये ‘एपानेट’ ही सॉफ्टवेअर आणली. दोन्ही विनामूल्य. ग्रामीण नळयोजनांचा खर्च कमीत कमी ठेवण्यासाठी आयआयटी मुंबईने ‘जलतंत्र’ तयार केले. पडद्यावर उमटणारी दाबाची रेषा म्हणजे बंबांच्या माथ्यांना जोडणारी रेषाच.

११/ मधल्या काळात शहराने उतार सोडून चढ धरला. १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि शहराची भिस्त नाथसागरावर गेली. शहर जलाशयापेक्षा सुमारे १०० मीटर उंच आहे. अंबरच्या काळी निसर्गाने दिलेली उंची आता विजेच्या मोलाने विकत घ्यावी लागते. वीज गेली की उपसा थांबतो, आणि त्याचा फटका थेट घरातल्या हंड्याला बसतो.

१२/ सॉफ्टवेअरचीही एक मर्यादा आहे. एपानेट नळ सदैव भरलेले आहेत असे गृहीत धरते. जेथे पाणी काही दिवसांआड येते, तेथे नळ रिकामे होतात, पुन्हा भरतात. सगळे नळ एकाच वेळी उघडतात आणि टोकाच्या वस्तीला पाणी पोहोचतच नाही. दाब कमी पडला की मिळणारे पाणीही कमी होते, हे मांडण्याची सोय एपानेटमध्ये २०२० च्या आवृत्तीत आली. रिकाम्या नळांचा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

१३/ त्याहून मोठी अट माहितीची. नळ कोठून जातो, किती गंजला आहे, कोठे गळतो हे ठाऊक नसेल, तर संगणक चुकीचे उत्तर तेवढ्याच नीटनेटकेपणाने देतो. नहरींचे नेमके हेच झाले. त्यांचे मार्ग घरांखाली आणि रस्त्यांखाली दडले, पाया खणताना ठिकठिकाणी तुटले. नहरीचा नमुना संगणकावर उतरवायचा, तर आधी उगमाची, उभ्या असलेल्या प्रत्येक बंबाची आणि हौदाची उंची मोजावी लागेल. म्हणून शहरात उरलेला प्रत्येक बंब हे मोजमापाचे एक ठिकाण आहे. तो पाडला की त्या जागेचा आकडा कायमचा गेला.