नवाहोंचे रुपे

सरकारी नोकर बदलीच्या गावी गेला म्हणजे दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर परत फिरण्याचे दिवस मोजत बसतो, किंवा आजूबाजूला काय चालले आहे ते पाहू लागतो. अमेरिकन सैन्यातील शल्यवैद्य वॉशिंग्टन मॅथ्यूज हा या दुसऱ्या वर्गातला. जन्माने तो आयरिश. १८८० साली त्याची नेमणूक न्यू मेक्सिकोतील फोर्ट विंगेट या ठाण्यावर झाली. भोवती तांबडी खडकाळ माळराने, आणि त्यांत मेंढ्या राखून राहणारे नवाहो लोक. सैनिकांची नाडी पाहून उरलेला वेळ या गृहस्थाने नवाहोंची भाषा शिकण्यात, त्यांच्या कथा व विधी टिपण्यात घालविला. त्या जमातीतील दोन उत्तम रूपेकारांना त्याने आठवडाभर ठाण्यावर काम करण्यास आणले आणि त्यांच्यासमोर बसून सर्व कृती लिहून घेतली. हे टिपण १८८३ साली वॉशिंग्टनच्या मानववंशशास्त्र कार्यालयाच्या दुसऱ्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध झाले. सरकारी अहवाल कोणी आवडीने वाचीत नाही, हे रोज तेच काम करणाऱ्या आम्हां कारकुनांना कोणी सांगावयास नको. परंतु हा अहवाल मी दोनदा वाचला.

वाचताना प्रथम आश्चर्य वाटते ते हत्यारांच्या दारिद्र्याचे. काटक्यांचा सांगाडा करून त्यावर माती थापली, की झाली भट्टी. लांबी जेमतेम दोन फूट, उंची पाच इंच. भाता म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची फूटभर लांबीची पिशवी. आत लाकडी कडी बसवून ती फुगती ठेवलेली, एका टोकाला लाकडी नळी आणि दुसऱ्या टोकाला झडप असलेली चकती. ऐरण म्हणून लोखंडाचा जो जड तुकडा मिळेल तो ओंडक्यात ठोकलेला, तोही नसेल तर एखादा कठीण दगड. मुशी मातीच्या, दोन इंचांच्या, तीन कोनांच्या. दोनतीनदा धातू वितळला की फुटणाऱ्या. फुंकणीसुद्धा विकतची नव्हे. पितळेची जाड तार ठोकून तिची पट्टी करावयाची आणि ती पट्टी वळवून नळी करावयाची. डाक लावताना ज्योत हवी म्हणून चिंध्यांची वेणी चरबीत भिजवून पेटवीत. टाकणखार मात्र ते बाहेरून घेत, आणि तो तर आपल्या सोनारालाही लागतोच.

अशा सामग्रीतून निघालेले दागिने मात्र दरिद्री नव्हेत. मऊ वालुकाश्मात साचा कोरून त्याला चरबी लावीत व त्यात रुपे ओतीत. निघालेली लगड ठोकून पातळ करीत. ठोकता ठोकता रुपे ताठर होते आणि मग तडकते; म्हणून तिला पुनःपुन्हा ताव द्यावा लागतो. मंद लाली आली की पुरे, त्याहून अधिक तापविली तर ती वितळण्याच्या वाटेला लागते. पोकळ मणी करण्यासाठी लहान चकत्या लोखंडाच्या खळग्यात ठोकून अर्धगोल करीत आणि दोन अर्धगोल जोडीत. शेवटी वाळू, राख आणि दगडाची पूड यांनी घासावयाचे, व तुरटीच्या जातीचे एक स्थानिक खनिज मिठाच्या पाण्यात घालून त्यात दागिना उकळून पांढरा करावयाचा. आपल्याकडे याच कामी चिंच आणि रिठा. हजारो मैलांच्या अंतरावर दोन माणसे एकाच अडचणीला जवळजवळ एकच उत्तर शोधतात, याचे मला फारसे नवल वाटत नाही. धातू तोच असतो ना!

नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ही सारी कला, मॅथ्यूजने पाहिली तेव्हा, फार तर एका पिढीची होती.

नवाहोंच्या परंपरेप्रमाणे तिचा आरंभ एका माणसापासून झाला. त्याचे नाव अत्सिदी सानी, म्हणजे म्हातारा लोहार. ‘अत्सिदी’ या शब्दाचा मूळ अर्थ ठोकणारा, घाव घालणारा. लोखंड ठोकणारा आणि रुपे ठोकणारा असा भेद त्या शब्दात नाही. आपल्याकडे लोहार आणि सोनार यांच्या जाती वेगळ्या, आळ्या वेगळ्या, आणि ‘सौ सुनार की, एक लोहार की’ म्हणून दोघांच्या घावांचीही तुलना झालेली. अत्सिदी सानी मेक्सिकन लोहारापासून लोखंडकाम शिकला, प्रथम घोड्यांचे लगाम करू लागला आणि नंतर रुप्याकडे वळला. १८५३ साली नवाहोंसाठी सरकारी प्रतिनिधी म्हणून आलेल्या हेन्री डॉजने आपल्याबरोबर एक लोहारही आणला होता. त्या भात्याजवळ नवाहो तरुण घुटमळले असतील यात शंका नाही.

परंतु रुपे केव्हा? येथे इतिहासकारांत वाद आहे, आणि तो तारखेपुरता नाही. १८६३-६४ च्या हिवाळ्यात किट कार्सनच्या सैन्याने नवाहोंची शेते जाळली, मेंढ्या मारल्या, आणि शरण आलेल्यांना शेकडो मैल चालवीत फोर्ट सम्नरजवळच्या बॉस्के रेडोंडो या छावणीत नेऊन कोंडले. आठ-नऊ हजार माणसे तेथे चार वर्षे होती. पाणी खारट, पिके किडीने खाल्लेली. १ जून १८६८ च्या तहाने ती आपल्या मुलखात परतली. आर्थर वुडवर्ड यांनी १९३८ साली जुने लष्करी कागद चाळून असे मांडले की रूपेकाम या बंदिवासापूर्वीच सुरू झाले होते. जॉन अडेर यांनी १९४४ सालच्या आपल्या ग्रंथात उलट बाजू घेतली. त्यांचा साक्षीदार कागद नव्हता, एक वृद्ध रूपेकार होता. ‘करडी मिशी’ या अर्थाच्या नावाने तो ओळखला जाई. अत्सिदी सानीला त्याने प्रत्यक्ष पाहिले होते, आणि त्याचे म्हणणे असे की रुपे आले ते फोर्ट सम्नरहून परतल्यावर.

कागद खरा की म्हातारा खरा? आमच्या कचेरीत असा प्रश्न आला असता तर फाईल कागदाच्या बाजूने गेली असती. मला मात्र दोन्ही पुरावे एकमेकांस छेद देतात असे वाटत नाही. एकदोघांनी आधी हात घातला असेल. पण हातातली विद्या जमातीची विद्या होते तेव्हाच तिला कला म्हणावयाचे, आणि ती वेळ १८६८ नंतरची. लोक परत आले ते लुबाडले गेलेले. तहाप्रमाणे १५,००० मेंढ्याबकऱ्या मिळाल्या, व्यापारी आले, नाणी हातात आली. ज्याचे घर जाळले गेले आहे त्याला अंगावर घालून पळता येईल अशी संपत्ती हवी असते. पुढे हेच दागिने व्यापाऱ्याच्या दुकानात गहाण पडू लागले व लोकर विकल्यावर सुटू लागले. आपल्या आज्यांच्या तोड्यांचा इतिहास याहून वेगळा नाही.

छावणीतला एक प्रकार सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. शिधा वाटण्यासाठी सैन्याने प्रथम पुठ्ठ्याची तिकिटे काढली. त्यांच्या नकला झाल्या. मग धातूच्या, ठसा मारलेल्या चकत्या काढल्या. नवाहोंनी तसेच ठसे बनवून हजारो बनावट चकत्या पाडल्या, आणि शेवटी गुंतागुंतीच्या नक्षीची तिकिटे वॉशिंग्टनहून मागवावी लागली. शिधापत्रिकांची तपासणी ज्यांनी केली आहे त्यांना त्या अधिकाऱ्यांची दया येईल. मला त्या भुकेल्या ठसेकारांचे कौतुक वाटते. लोखंडावर उलटी आकृती कोरून ती धातूवर सुलटी उमटविण्याचे शिक्षण अशा रीतीने सरकारी खर्चानेच झाले म्हणावयाचे!

नवाहो रुप्याचा जो खास पोत आहे तो या ठशांचा. मेक्सिकन चर्मकार खोगिरांच्या कातड्यावर ठशांनी नक्षी उठवीत, तिथून ही कल्पना आली. तोवर कानशीच्या रेघा आणि टोच्याचे ओरखडे एवढीच नक्षी असे. मोडकी कानस, छिन्नीचे टोक, रेल्वेचा खिळा, जे पोलाद हाती लागेल त्यावर अर्धचंद्र, ठिपका, किरण असे आकार कोरावयाचे, टोक पाणी देऊन कठीण करावयाचे, आणि केवळ नजरेच्या मापाने पट्टीवर ओळीने ठोकत जावयाचे. एक ठसा काहीच सांगत नाही. चाळीस वेळा उठला की काठ होतो. साच्यातून काढलेल्या दागिन्यावर दगडाचा रवाळपणाही उतरतो, आणि काही कारागीर तो मुद्दाम राहू देतात. रेल्वे १८८१ साली त्या भागात पोहोचली. बारीक कानशी आणि पॉलिशचे कागद आल्यापासून काम फार सुधारले, असे तेथील जुन्या रहिवाशांनी मॅथ्यूजला सांगितले होते. त्याच रेल्वेने पुढे प्रवासी आणले, आणि १८९९ पासून फ्रेड हार्वे कंपनीने त्यांच्यासाठी हलक्या वजनाची, बाणांच्या नक्षीची कडी मागविण्यास आरंभ केला.

रुपे मिळे ते नाण्यांतून. अमेरिकन डॉलर, नंतर मुख्यतः मेक्सिकन. नाण्यावरचा राज्याचा ठसा वितळवून त्यावर स्वतःचा ठसा उठवावयाचा. आपल्या भाषेत याचा उलटा प्रवास दडलेला आहे. ‘रूप्य’ हा शब्द पाणिनीने ‘आहत’ म्हणजे ठसा मारलेले या अर्थी साधला आहे. आकृती उठविलेला तुकडा तो रूप्य, आणि पुढे तो धातूच रुपे झाला. आपली प्राचीन आहत नाणी अशीच, चांदीच्या तुकड्यावर सूर्य, डोंगर, झाड असे सुटे ठसे मारून केलेली. नवाहो भाषेत रुप्याला ‘पांढरा धातू’ एवढेच म्हणतात. नाव साधे, ठसा मागाहून आला.

हे सारे मी कशासाठी वाचीत बसलो? माझे आजोबा, ज्यांना सारे घर आप्पा म्हणे, सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात सोनार होते. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने करण्यास बंदी आली. आप्पा तेव्हा तिशीच्या घरात होते. गावात चौदा कॅरटचे मंगळसूत्र कोण घेणार? काही दिवस त्यांनी चांदीचे वाळे, जोडवी केली, मग बागेसरी विझली आणि ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागले. पुढे काही सवलती मिळाल्या, १९६८ चा कायदा झाला, तो १९९० साली रद्दही झाला. तोवर ठशांची पेटी मोडीत गेली होती. लोखंडाच्या भावाने. आज ज्या दिल्लीत मी त्याच सरकारचे कागद पुढे सरकवितो, तेथूनच तो हुकूम निघाला होता. आप्पांनी याबद्दल कधी शब्द काढला नाही. मला नोकरी लागल्याचे कळले तेव्हा एवढेच म्हणाले, “हुकूम लिहिताना जरा बघून लिही रे बाळा.” मी हुकूम लिहीत नाही, फक्त टंकलिखित करतो, असे मी म्हणालो. त्यावर ते हसले.

गेल्या हिवाळ्यात आजीच्या तुटक्या तोड्याची बाजारातल्या सोनाराकडून पट्टी पाडून आणली आणि रविवारी मुलीसाठी कडे करावयास बसलो. ऐरण म्हणून वाण्याकडचे पाच किलोचे वजन उसने आणले. मोडक्या कानशीवर एक अर्धचंद्र घासून काढला. तो उथळ उठू लागला तेव्हा घरचा पाटा आठवला. लग्नात आलेला, टाकी लावलेला. पट्टी त्यावर पालथी ठेवून लाकडी हातोडीने ठोकली, आणि टाकीचे सारे खळगे रुप्यावर उंचवट्यांसारखे उतरले. “अहो, त्या पाट्यावर मला उद्या चटणी वाटायची आहे!” एवढीच टीका स्वयंपाकघरातून झाली.

ताव देण्याचा मात्र कंटाळा केला आणि वळविताना पट्टी एका टोकाला तडकली. मॅथ्यूजने ते लिहून ठेवले होते, आप्पांनी तर शंभरदा सांगितले असते. मुलगी ते कडे घालते. तडा मनगटाच्या आतल्या बाजूस येतो, तिकडे तिने लाल दोरा गुंडाळला आहे.