पिस्तुलात पुंगळी अडकते तेव्हा: .२२ स्पोर्ट पिस्तुलातला ‘एक्स्ट्रॅक्शन’चा बिघाड कसा शोधायचा?

राज्य स्पर्धेत रॅपिडच्या दुसऱ्या सिरीजचा तिसरा शॉट मी मारला आणि पिस्तूल गप्प झालं. स्लाइड अर्धवट मागे, पुंगळी चेंबरमध्येच, आणि तिच्या बुडाला नवीन काडतूस टेकलेलं. सवयीने डावा हात गेला आणि मी स्लाइड मागे ओढली. तिथेच घात झाला. रेंज ऑफिसरने तपासण्याआधी नेमबाजाने स्लाइड किंवा यंत्रणेला हात लावला, तर तो बिघाड नियमानुसार ग्राह्य धरत नाहीत. माझे उरलेले दोन शॉट शून्य लागले.

पुढचे दोन महिने मी या बिघाडाच्या मागे होतो. एक्स्ट्रॅक्टर बदलून घेतला, स्प्रिंग बदलून घेतली, फरक शून्य. खरं कारण भलतीकडेच होतं. तुमचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून तपासाचा क्रम इथे देतोय. हा लेख २५ मीटर स्पर्धेच्या .२२ लाँग रायफल पिस्तुलाबद्दल आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं, तो हाच प्रकार.

आधी शब्द समजून घेऊ

गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी चेंबरमधून मागे निघणं म्हणजे एक्स्ट्रॅक्शन. निघालेली पुंगळी बाहेर भिरकावली जाणं म्हणजे इजेक्शन. पुंगळी बाहेर आली पण स्लाइडच्या फटीत उभी अडकली, तर तो बहुतेक वेळा इजेक्शनचा किंवा स्लाइड पूर्ण मागे न गेल्याचा दोष असतो. पुंगळी चेंबरमध्येच राहिली, तरच तो एक्स्ट्रॅक्शनचा बिघाड. बरेच जण दोन्हीला सरसकट ‘जॅम’ म्हणतात आणि चुकीचा भाग बदलून बसतात.

.२२ चं वेगळेपण

.२२ पिस्तूल ‘ब्लोबॅक’ पद्धतीने चालतं. बार उडाला की वायूचा दाब पुंगळीलाच मागे ढकलतो आणि पुंगळी बोल्टला ढकलते. म्हणजे उडालेली पुंगळी मागे यायला मुख्य जोर दाबाचा असतो. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा तिला बोल्टला धरून ठेवतो, म्हणजे इजेक्टरवर आपटून ती नीट बाहेर फेकली जाते. न उडालेलं काडतूस काढताना मात्र दाब नसतो, सगळं काम त्या आकड्याचं.

यातूनच सगळ्यात उपयोगी खूण मिळते:

- भरलेलं काडतूस स्लाइड ओढून निघत नाही, पण उडालेल्या पुंगळ्या बहुतेक निघतात: संशय एक्स्ट्रॅक्टरवर.
- भरलेलं काडतूस सहज निघतं, पण उडालेली पुंगळी अडकते: संशय चेंबरवर किंवा काडतुसावर. बार उडताना पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं. भिंत घाण किंवा खरखरीत असेल तर ते सुटत नाही.

माझी तक्रार दुसऱ्या प्रकारची होती आणि मी पैसे पहिल्या प्रकारावर घातले!

काहीही करण्याआधी

नळी टार्गेटकडेच ठेवा. बोट ट्रिगरपासून लांब. मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा. स्पर्धेत असाल तर यातलं काहीच करायचं नाही. पिस्तूल समोर रोखून धरा, मोकळा हात वर करा, रेंज ऑफिसर येईपर्यंत थांबा.

एक गोष्ट जिवाची आहे. शॉटचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि पुंगळीही नीट निघाली नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढचा शॉट मारायचा नाही. नळी मोकळी आहे याची खात्री होईपर्यंत ते पिस्तूल बंद समजा.

आणि .२२ चं स्फोटक बुडाच्या कडेत असतं. त्यामुळे अडकलेलं भरलेलं काडतूस स्क्रू ड्रायव्हरने कडेला खुपसून काढू नका. रेंजवरच्या जाणकाराला बोलवा.

तपासाचा क्रम

१. पुंगळी वाचा. अडकलेली पुंगळी फेकू नका. तिच्या बुडाची कडा भिंगाखाली बघा. आकड्याच्या जागी कडा ओरखडलेली किंवा फाटलेली असेल तर आकड्याने जोर लावला होता, पुंगळीच सुटत नव्हती. कडेवर काहीच खूण नसेल तर आकड्याने नीट पकडलंच नाही. पुंगळीच्या अंगावर लांब ओरखडा दिसतो का, आणि तो प्रत्येक पुंगळीवर सारखाच आहे का, तेही बघा.

२. चेंबर साफ करा. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणाचं किंवा वंगणाचं लेपन असतं. ते, काजळी आणि शिसं मिळून चेंबरमध्ये कडक थर धरतं. नुसती चिंधी फिरवून तो जात नाही. सॉल्व्हंट लावून थोडा वेळ मुरू द्या, चेंबरच्या मापाचा ब्रश मागच्या बाजूने फिरवा, मग कोरड्या चिंधीने पुसा. चेंबरमध्ये तेल साचू देऊ नका.

३. आकड्याखालची घाण काढा. एवढ्याशा खाचेत काजळी साचली की आकडा पूर्ण मिटत नाही. लाकडी टूथपिक पुरते. मग बोटाने आकडा दाबून सोडा, तो झटकन परत आला पाहिजे. मॅन्युअलप्रमाणे बोल्ट बाहेर निघत असेल तर रिकामी पुंगळी आकड्याखाली सरकवा आणि हलकेच हलवा. लगेच गळून पडली तर आकडा झिजलाय किंवा स्प्रिंग थकलीय.

४. काडतूस बदलून बघा. स्पर्धेची पिस्तुलं साधारणपणे स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसावर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगाच्या गोळीवर, बेतलेली असतात. त्याहून मवाळ काडतुसाने स्लाइड अर्धीच मागे जाते. दुसऱ्या लॉटची किंवा कंपनीची पन्नास काडतुसं मारून बघा. बिघाड गायब झाला तर पिस्तुलाला दोष देऊ नका.

५. चेंबरचं तोंड बघा. माझा चोर इथे सापडला. .२२ चा फायरिंग पिन कडेवर मारतो. चेंबर रिकामं असताना ट्रिगर दाबत राहिलं, तर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या काठावर आपटतो. धातू दबतो आणि आत बारीकसा उंचवटा येतो. फुगलेली पुंगळी त्याला अडते. माझ्या प्रत्येक पुंगळीवर एकाच जागी ओरखडा होता, पण मी तो बघितलाच नव्हता. घरी रोज शंभर-शंभर वेळा केलेल्या ड्राय प्रॅक्टिसचा हा प्रसाद! पिस्तुलाला ड्राय फायरची सोय असेल तर तीच वापरा, नसेल तर डमी काडतूस घाला.

घरी काय करू नये

उंचवटा घासून काढणं, आकड्याला कानस लावणं, स्प्रिंग ताणणं हे घरचे उद्योग नाहीत. शस्त्र कायदा १९५९ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, म्हणून काम परवानाधारक दुकानातच द्या. चेंबरमधून जास्त धातू निघाला तर पुंगळीला आधार राहत नाही आणि ती फुटू शकते. साफसफाई आणि निरीक्षण तुमचं, धातूकाम आर्मररचं.

वही ठेवा

एका वेळी एकच बदल करा आणि लिहा: तारीख, काडतुसाचा लॉट, साफ केल्यापासून किती शॉट झाले, कितव्या शॉटला अडकलं. दर वेळी दोन-तीनशे शॉटनंतरच अडकत असेल तर घाण. एकाच लॉटला अडकत असेल तर काडतूस. साफ पिस्तुलातही अधूनमधून अडकत असेल तर आकडा किंवा चेंबर.

आर्मररने तो काठ सरळ करायला अर्धा तासही घेतला नाही. ते काम तो करत असताना मी बाकड्यावर बसून दोन महिन्यांच्या पावत्या मोजत होतो. आता प्रत्येक सरावानंतर पाच पुंगळ्या उचलून उजेडात बघतो, आणि सरावात पिस्तूल अडकलं की स्लाइडऐवजी हात वर करायचा सराव करतो. पिस्तुलापेक्षा ती सवय मोडायला जास्त वेळ लागला.