खाचेला रंग लावायचा नसतो

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतली शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. ताडदेवच्या आरटीओत तिची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं ठरलेलं. त्या आठवड्यात तिच्या पिवळ्या टपावर आणि लोखंडी मीटरवर लोकांनी भरभरून लिहिलं. मला मात्र तिच्या बॉनेटखालची पुली आठवत राहिली. पुलीवर कविता होत नाही, मी करून पाहिली आहे. म्हणून आज गद्यातच सांगतो.

माझे अब्बा कुर्ल्यात गॅरेज चालवत. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दोन गाड्यांची जागा आणि बाहेर गटारावर टाकलेली फळी. प्रीमिअरचा कारखानाही कुर्ल्यातलाच, पण तिथून बाहेर पडलेली गाडी आमच्याकडे यायला दहा-बारा वर्षं लागत, कारण तोवर ती कुणा ना कुणाची टॅक्सी झालेली असे.

या गाडीची कुंडली थोडी सांगायला हवी. १९२८ साली जनरल मोटर्सनं शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली होती. सुटे भाग परदेशातून यायचे, इथे फक्त जोडायचे. स्वातंत्र्यानंतर, १९५३ साली, टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनं धोरण ठरवलं की, ज्यांना इथे भाग बनवायचे नाहीत त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. वालचंद समूहानं १९४४ साली काढलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स राहिली आणि तिनं फियाट ११०० आणली. या गाडीचं नाव १९७४ पासून पद्मिनी झालं. इंजिन मात्र तेच. ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, १०८९ सीसी. ही मापं फियाटनं इटलीत १९३७ साली काढलेल्या मोटारीची आहेत. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा तो सांगाडा एकविसाव्या शतकात दादर टीटीला गिऱ्हाईक शोधत उभा होता.

अर्थतज्ज्ञ याला मागासलेपण म्हणतील आणि ते खोटं नाही. नव्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. पण मिस्त्रीच्या बाजूनं पाहा. इंजिन बदलत नाही, म्हणजे एका गाडीची पुली दहा वर्षांनी दुसरीला बसते. नवा भाग ऑपेरा हाऊसच्या दुकानांत मिळे, पण टॅक्सीवाल्याच्या खिशाला तो जड. म्हणून पुली कुणी फेकत नसे. ती उतरवायची, साफ करायची, रंगवायची आणि पुन्हा चढवायची.

हे काम अब्बांना शिकवलं एका गिरणीतल्या फिटरनं. सगळे त्यांना तात्या म्हणत. मूळचे राजापूरकडचे, आयुष्य परळच्या एका गिरणीत गेलेलं. १९८२ च्या संपानंतर ते आमच्या शेडमध्ये येऊन बसू लागले. आधी नुसते चहाला, मग हातात पाना आला. तरुणपणी त्यांनी गिरणीतला लांबलचक शाफ्ट पाहिला होता. छताखालून आडवा गेलेला, त्यावर पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून खाली यंत्राकडे येणारा चामड्याचा पट्टा. ती पुली मधोमध किंचित फुगीर असते. सपाट पट्टा नेहमी उंचवट्याकडे चढतो, म्हणून मधोमध राहतो, बाजूला घसरून पडत नाही. तात्या हे बोटांनी हवेत काढून दाखवत.

मोटारीचा पट्टा निराळा. तो इंग्रजी ‘व्ही’सारखा आणि पुलीला तशीच खाच. पाचरीसारखा तो खाचेच्या दोन्ही भिंतींना दाबून धरतो, तळाला टेकत नाही. तात्या म्हणत, ‘‘पोरा, खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर समजायचं, पट्टा खाली बसलाय. पट्टा तरी झिजलाय, नाहीतर पुली तरी.’’

क्रँकच्या टोकाला एक पुली, पाण्याच्या पंपाला एक, डायनॅमोला एक. पंपावरच पंखा. आधी डायनॅमोचा बोल्ट ढिला करून तो आत ढकलायचा, पट्टा निघतो. क्रँकच्या पुलीकडे हात जात नाही, म्हणून रेडिएटर उतरवायचा. मग तो मोठा नट. रात्रभर रॉकेल पाजायचं, सकाळी गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची, मी आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि अब्बा पान्यावर पाइप चढवून झोल द्यायचे. नट सुटला तरी पुली सुटत नाही. अनाडी माणूस इथे हातोडी घेतो. बिडाची असेल तर कड फुटते, पत्र्याची असेल तर वाकते आणि मग फिरताना लचकते. तीन पायांचा पुलर लावायचा, तोही कडेला नाही, मधल्या बुंध्याला. पुली निघताना अर्ध्या चंद्रासारखी चावी टपकन पडते. ती डबीत टाकायची. त्या चावीपायी मी अर्धा दिवस गटार चाळलं आहे.

मग रॉकेल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर. खाचेत गंज असेल तर तोच कानसेसारखा पट्टा खातो. खड्डे पडले असतील तर लेथवर अगदी हलका हात. जास्त घेतलं की पट्टा तळाला. बुंध्यावर जिथे ऑइल सील घासतं तिथे पेपर गोल फिरवायचा, उभ्या रेघा आल्या तर तेल गळतं. शेवटी रेड ऑक्साइड आणि काळा रंग. त्याआधी खाचेत ग्रीसचं बोट फिरवायचं, म्हणजे तिथे रंग धरत नाही.

आता माझी चूक. १९८५ साल, मी चौदा वर्षांचा. एका टॅक्सीचं पासिंग होतं. मालकच चालवायचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पासिंगच्या आधी इंजिनाला रंग मारायची रीत होती. अब्बा सामान आणायला गेले, तात्या त्या दिवशी आले नव्हते. मी तिन्ही पुल्या रंगवल्या, खाचांसकट, दोन हात दिले. इतक्या सुंदर दिसत होत्या की, अब्बा आल्यावर दाखवायला नकोत म्हणून, म्हणजे त्यांना आयतीच तयार गाडी मिळावी म्हणून, मीच चढवल्या, पट्टाही घातला.

पासिंग झालं. तिसऱ्या दिवशी सायनजवळ गाडी तापली. रंगाची सालं निघाली होती, काही वितळून पट्ट्याला चिकटली होती. पट्टा घसरत होता, पंप फिरत नव्हता. किंकाळीसारखा आवाज आला असणार, पण मागे बाळंतपणाला निघालेली बाई होती आणि चाचांनी शीव रुग्णालयाच्या दारापर्यंत गाडी थांबवली नाही. हेड गॅस्केट उडालं. चार दिवस टॅक्सी आमच्या शेडमध्ये उभी.

अब्बांनी गॅस्केट स्वतःच्या पैशानं बसवलं. चार दिवसांच्या कमाईचे पैसे पुढे केले, ते चाचांनी घेतले नाहीत. त्यांच्या मुलीची शाळेची फी त्या महिन्यात राहिली, हे मला पुढे कॉलेजात असताना तिच्याच भावाकडून कळलं. अब्बा मला काही बोलले नाहीत. तात्यांनी त्या तिन्ही पुल्या आणि पॉलिश पेपर माझ्यासमोर ठेवले, साफ झाल्यावर सुतळी ताणून पुल्या एका रेषेत आल्या का ते पाहायला लावलं, आणि माझाच अंगठा धरून पट्ट्यावर दाबला. साधारण अर्धा इंच खाली जायला हवा.

आता ते गॅरेज नाही. पुलर माझ्याकडे आहे. मध्यंतरी आमच्या सोसायटीतल्या एका इंजिनीअर मुलानं जुनी पद्मिनी घेतली. मोठ्या हौसेनं पुल्या पावडर कोटिंग करून आणल्या, लालभडक, खाचांसकट. मला दाखवायला वर आला. ‘‘काका, कशा झाल्यात?’’

मी त्याला चहा दिला आणि जिन्याखालची पेटी काढायला सांगितली. दुपारभर आम्ही दोघं पायऱ्यांवर बसून खाचा घासत होतो. पावडर कोटिंग रंगापेक्षा चिवट निघालं. क्रँकची आणि पंपाची पुली झाली, डायनॅमोची राहिली आहे. रविवारी येतो म्हणालाय.